सोडवाले आणि हाणवाले

एकाच बसने, त्याच माणसांबरोबर, अकरा वर्षं जा-ये केली की किस्से आपोआप साचतात. सीटखाली वेफर्सची रिकामी पाकिटं साचतात तसे. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण झाडायलाही कोणी वाकत नाही!

आमची स्टाफ बस सकाळी रायपूरच्या तेलीबांध्याहून सुटते आणि नव्या रायपूरला ऑफिसच्या गेटवर लागते. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. मोजून पंचेचाळीस मिनिटं. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या शेजारी डबीर बसतो. सदर बाजारातला. त्याचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरला आहे, हे तो नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. माझे वडील रेल्वेच्या बदलीवर गोंदियाहून आले, म्हणजे त्याच्या हिशेबी आम्ही रामटेके अजून पाहुणेच! त्याला पंचावन्नाव्या वर्षी डोकंभर केस आहेत. गुडघे दुखत नाहीत. आणि अकरा वर्षांत खिडकीची सीट त्याने एकदाही मला दिलेली नाही.

मी त्याच्यावर जळतो. आडून कशाला सांगू!

पुढच्या सीटवर टेंभेकर दीदी असतात. त्या स्वेटर विणतात आणि मान न वळवता बोलतात. मे महिन्यातही विणतात. आणि स्टिअरिंगवर साहू भैया. हा माणूस कशालाही ‘हव’ म्हणतो. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. ‘भैया, जरा जोरात घ्या’ म्हटलं तरी हव, ‘भैया, जरा हळू’ म्हटलं तरी हव. बस मात्र त्याच्या मनाने चालते.

बसमध्ये विषय एकच, क्रिकेट. आणि त्यातही गेली काही वर्षं भांडण एकच. वीस ओव्हरही जास्त वाटल्या म्हणून कुठे शंभर बॉलची स्पर्धा निघाली, कुठे दहा ओव्हरची. हे बरं की वाईट? मी म्हणतो वाईट, डबीर म्हणतो बरं. बाकीची बस दोघांत वाटली गेलेली.

आम्हाला नावंही पडली आहेत. बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर पडला की मी टीव्हीसमोर असो, मोबाइलसमोर असो, ओरडतो, ‘सोड!’ त्याच बॉलवर डबीर ओरडतो, ‘हाण!’ म्हणून आम्ही सोडवाले आणि ते हाणवाले.

सोडवाले आता चारच उरलो आहोत. त्यातला एक पुढच्या वर्षी रिटायर होतोय.

*

एकदा संध्याकाळी परत येताना डबीरने मोबाइल पुढच्या सीटच्या पाठीला टेकवला. परदेशातली दहा ओव्हरची मॅच चालू होती. गेटवरून बस निघाली आणि तिकडे पहिला बॉल पडला.

‘आता पाहा गंमत,’ डबीर म्हणाला.

मी मुद्दाम डोळे मिटून घेतले. तेलीबांध्याला बस थांबली तेव्हा उघडले, तर डाव संपलेला! बरोब्बर पंचेचाळीस मिनिटं!

‘पाह्यलं?’ डबीर सगळ्या बसला ऐकू जाईल असं बोलला. ‘देवानं हा खेळ आपल्या बससाठीच बनवला. तुझ्या टेस्टमधी इतक्या वेळात काय होते बे? एक जण बुटाची लेस बांधते!’

मी म्हटलं, ‘खेळ लोकाच्या वेळेत बसवाचा नसते. लोकानं खेळासाठी वेळ काढाचा असते.’

वाक्य चांगलं होतं. माझं मलाच आवडलं. टेंभेकर दीदींची सुईसुद्धा क्षणभर थांबली. तेवढ्यात साहू भैया आरशातून म्हणाला, ‘हव भैया, सही बात है. लेकिन टेस्ट दिखाना है तो बस को पुरी तक ले जाना पड़ेगा. जगन्नाथजी के दरसन हो जाएँगे, और मैच फिर भी ड्रॉ!’

बस अशी हसली की उतरायचं राहून गेलं. टाळ्या मिळाल्या साहू भैयाला, पण मान डबीरने झुकवली.

*

माझ्या पाकिटात एक कात्रण आहे. लॅमिनेट केलेलं. कॉलेजात असताना दोन दिवसांच्या मॅचमध्ये मी सकाळी ओपनिंगला गेलो आणि संध्याकाळी नाबाद परत आलो. एक्केचाळीस रन. पेपरात दोन ओळी छापून आल्या होत्या. त्या दिवशी मॅच वाचली ती माझ्यामुळे.

बसमध्ये नवीन माणूस आला की मी ते दाखवतो. एकदा असाच एका नव्या साहेबांना दाखवत होतो. साहेब मन लावून वाचत होते.

‘किती बॉलमधी?’ डबीरने खिडकीकडे बघत विचारलं. त्याला माहीत होतं. अकरा वर्षं ऐकतोय!

‘दोनशे सदतीस,’ मी छाती काढून सांगितलं.

डबीरने बोटांवर मोजलं. ‘म्हणजे साहेब, तितक्या बॉलात दहा-दहा ओव्हरच्या दोन मॅचा झाल्या असत्या. बक्षिसं वाटून झाली असती, मांडव काढून झाला असता, अन् हा म्हणला असता, अंपायर, जरा गार्ड द्या!’

साहेबांनी कात्रणाची घडी घालायचा प्रयत्न करत मला परत दिलं. लॅमिनेट केलेलं!

खरं दुखणं सांगू? या नव्या स्पर्धांनी कोणाचं काय नेलं मला ठाऊक नाही. माझी मात्र एकच कला होती, उभं राहायची. तिचं गिऱ्हाईकच गेलं.

*

आता तो किस्सा, ज्याच्यावरून आजही बसमध्ये दोन तट पडतात.

बसच्या दुसऱ्याच वर्षी ऑफिसच्या विभागांची मॅच ठेवली होती. डबीरचा विभाग आणि माझा विभाग समोरासमोर. अंपायर कोण? जो कुठल्याच विभागाचा नाही तो. साहू भैयाला पांढरा कोट घातला आणि उभं केलं.

मी ओपनिंगला. आठ ओव्हर झाल्या होत्या, मी बारावर नाबाद. नजर बसली होती. डबीर बॉलिंगला आला. बॉल लेग स्टंपच्या हातभर बाहेर पडला आणि पॅडला लागला. शेंबड्या पोरालाही कळलं असतं की आउट नाही. डबीर मात्र दोन्ही हात वर करून किंचाळला, ‘हाउज दॅट?’

आणि साहू भैया म्हणाला, ‘हव!’

डबीर पळत सुटला तो थेट बाउंड्रीपर्यंत. त्याच्या विभागाने त्याला खांद्यावर घेतलं. मी जागचा हललो नाही. साहू भैयाच्या जवळ गेलो, तर त्याच्या टोपीखाली, कानाला, मोबाइल! घरून बायकोचा फोन होता. ‘येताना मुनग्याच्या शेंगा आणाल का,’ असं ती विचारत होती. मुनगा म्हणजे शेवगा.

‘साहू भैया, ते हव शेंगांचं होतं!’ मी म्हटलं.

‘हव,’ तो कळवळून म्हणाला. ‘पर भैया, मुँह से निकल गया. अब अंपायर का बोला वापस लूँ तो अच्छा लगेगा क्या?’

मी शेंगांवर आउट झालो! आणि डबीर नऊ वर्षं ती विकेट मिरवतोय. ‘याच्यासारख्या माणसाले आउट करणं म्हणजे भिंत पाडणं होय,’ असं लोकांना सांगतो. माझीच स्तुती करून माझीच विकेट विकतो!

मीही सोडलं नाही. तेव्हापासून डबीर बसमध्ये चुकून जरी ‘हव’ म्हणाला तरी मी ओरडतो, ‘शेंगा!’ अख्खी बस हसते. शेवटी कंटाळून त्याने तो शब्दच टाकला. ‘हो’ म्हणतो, ‘हां’ म्हणतो, ‘बरोबर’ म्हणतो. भोसल्यांच्या काळापासून रायपूरला राहणारा माणूस ‘हव’ म्हणत नाही! ही माझी आयुष्यातली एकमेव विकेट.

*

शंभर बॉलची स्पर्धा काय असते हे डबीर एकदा साहू भैयाला समजावत होता. बसचं टायर पंक्चर झालं होतं, स्टेपनी चढेपर्यंत सगळे रस्त्याकडेला उभे. मागे धानाची शेतं.

‘ओव्हर सहा बॉलची नाही, पाच-पाच बॉल. टाइम बचता है.’

साहू भैया पाना फिरवत ऐकत होता. ‘हव. फिर वो बचा हुआ टाइम किधर जाता है?’

डबीर पंक्चर टायर बघायला वाकला. मला वाटलं, आज जिंकलो! मी त्याच्या पाठीवर थाप मारणार, तेवढ्यात टेंभेकर दीदी म्हणाल्या, ‘रामटेके भाऊ, तुम्ही खुश नका होऊ. तुमचा वाया गेलेला टाइम कुठं जाते, ते पण कोणाले माहीत नाही!’

*

आता घरातलं सांगतो. इथून पुढे माझा जळफळाट थट्टेवारी नेऊ नका.

माझी मुलगी पूर्वा, वय एकोणीस. आठ वर्षांची होती तेव्हापासून कॉलनीच्या मैदानावर मीच तिला बॉल टाकत आलोय. हजारो बॉल. त्यातले निम्मे मी बाहेर टाकायचो आणि ओरडायचो, ‘सोड!’ ती सोडायची. बॅट खांद्यावर, नजर बॉलवर, मान ताठ. अशी सोडायची की बघत राहावं. पोट्टी माझ्याशी कधी मराठीत बोलली नाही. मी मराठीत विचारणार, ती हिंदीत उत्तर देणार. पण ‘सोड’ म्हटलं की सोडायची. आमच्या दोघांत तेवढा एक मराठी शब्द नांदत होता.

मग मुलींची दहा-दहा ओव्हरची नवी लीग निघाली. निवड चाचणीला गेली आणि परत आल्या आल्या तिने बॅट कोपऱ्यात टाकली.

‘बाबा, वो बोले, डिफेन्स अच्छा है. लेकिन डिफेन्स का हम क्या करेंगे?’

मी म्हटलं, ‘दुसरी चाचणी दोन महिन्यानं आहे ना? आपण तयारी करू.’

‘आप से नहीं होगा, बाबा,’ ती म्हणाली. रागाने नाही, अगदी सहज. ‘डबीर अंकल से पूछूँ?’

मी काय म्हणणार होतो! म्हटलं, पूछ.

दर रविवारी सकाळी डबीर तिला बॉल टाकायला लागला. मला म्हणाला, ‘तू येऊ नको बे. तू आला की पोट्टी सोडते.’

तीन रविवार मी घरात पेपर उलटसुलट वाचला. चौथ्या रविवारी भाजी आणायच्या निमित्ताने निघालो आणि भरली पिशवी घेऊन परतताना मैदानाच्या कडेला कडुनिंबामागे जाऊन उभा राहिलो. तिकडून आवाज येत होते, ‘हाण! शाबास! अजून हाण!’ आणि पूर्वा हसत होती. माझ्याजवळ शिकताना ती कधी हसल्याचं मला आठवेना. शेजारच्या घरात आपल्याच पोरीला जेवताना बघावं तसं वाटलं.

तेवढ्यात तिने एक असा हाणला की बॉल सरळ माझ्याच अंगावर! मी सवयीने काय केलं? सोडला! अंग वळवून बाजूला झालो. बॉल मागे कुंपणाला लटकवलेल्या पिशवीवर आदळला आणि आतला भोपळा फुटला.

डबीर धावत आला. मला बघितलं, पिशवी बघितली.

‘पूर्वा,’ तो ओरडला, ‘ये लवकर! तुझ्या बाबाचा भोपळा फुटला!’

*

पूर्वा दुसऱ्या चाचणीत निवडली गेली. लीगचा फॉर्म भरून तिने टेबलावर ठेवला होता. मी चष्मा लावून वाचला. एक रकाना होता, ‘कोच का नाम’. त्यात स्वच्छ अक्षरात डबीर.

मी फॉर्म घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको पोळ्या लाटत होती.

‘हे पाह्यलं? अकरा वर्षं मी बॉल टाकले. त्यानं मोजून आठ रविवार टाकले!’

तिने पिठाच्या हाताने फॉर्म लांबूनच बघितला. ‘तुमचं पण नाव आहे ना. हे काय, पिता का नाम. ते का तिनं फुकट लिहिलं?’

‘ते तिले लिहावंच लागते!’

‘मंग?’ बायको म्हणाली. ‘डबीर भाऊजींचं नाही लिहिलं तिथं, यात खुश राहा.’

त्या आठवड्यात मी बसमध्ये डबीरशी बोललो नाही. त्याने विचारलं, ‘काहून रे, तब्येत बरी नाही का?’ मी म्हटलं, गुडघा दुखतोय. तो म्हणाला, ‘माहे तर बाप्पा कधीच दुखत नाहीत!’

*

आणि ही परवाची गोष्ट.

नव्या रायपूरच्या मोठ्या स्टेडियमवर पूर्वाच्या टीमची मॅच होती. रविवारची दुपार. मुलींच्या मॅचला कोण येतं! आमच्या बसमधले वीस-बावीस जण, इतर मुलींच्या घरचे, बाकी खुर्च्या रिकाम्या. पहिल्या रांगेत मी आणि माझ्या बाजूला, हो, डबीर. मागच्या रांगेत टेंभेकर दीदी विणत होत्या. साहू भैया सगळ्यांना घेऊन आला होता, तो बसजवळ मोबाइलवरच मॅच बघत होता.

पूर्वा आठव्या ओव्हरला आली. आल्या आल्या दोन चौके हाणले. डबीरने माझी मांडी बडवली. ‘हा शॉट माहा! हा पण माहा!’ मी टाळ्या वाजवत होतो आणि आतून जळत होतो. दोन्ही एकाच वेळी होतं. बाप होऊन बघा.

शेवटचा बॉल. स्कोअर बरोबरीत. जिंकायला एक रन हवा, आणि स्ट्राइकवर पूर्वा.

बॉलर धावत आली. बॉल हातातून सुटला आणि मला दिसलं, बाहेर जातोय. खूप बाहेर. अकरा वर्षं ज्या बॉलवर मी एकच शब्द ओरडलो, तोच बॉल. मी उभा राहिलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो.

‘हाण!’

माझ्याच तोंडून! मलाच कळलं नाही कसं! आणि त्याच क्षणी माझ्या कानाशी डबीर ओरडला, माझ्यापेक्षा दुप्पट आवाजात.

‘सोड!’

पूर्वाने बॅट उचललेली होती. ती तशीच खांद्यावर गेली. मान ताठ, नजर बॉलवर. बॉल कीपरच्या हातात. अंपायरने दोन्ही हात पसरले.

वाइड! जिंकलो!

मी डबीरकडे बघितलं, डबीरने माझ्याकडे बघितलं. दोघेही एकमेकांना मिठी मारायचं विसरलो.

मग माइकवाली मुलगी पूर्वाजवळ गेली. मैदानभर स्पीकर होते. ‘आखिरी गेंद, एक रन चाहिए, और आपने छोड़ दी? इतनी हिम्मत कहाँ से आई?’

पूर्वा धापा टाकत होती. ‘मैं तो मारने ही वाली थी. तभी आवाज़ आई, सोड. बचपन से वही आवाज़ सुनी है. बाबा थे.’

मागे टाळ्यांचा कडकडाट. कोणी माझ्या गळ्यात पडलं, कोणी पाठीवर थापा मारल्या. डबीर म्हणाला, ‘पाणी पिऊन येतो,’ आणि उठून गेला. बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसमध्ये चढलो तर अख्खी बस उभी! ‘सोड! सोड!’ असा गजर. हाणवालेसुद्धा ओरडत होते. खिडकीची सीट रिकामी होती. डबीर आधीच आलेला, आतल्या सीटवर बसलेला, पाय आखडून मला खिडकीकडे जायला वाट देत होता. मी बसलो. काच जरा खाली केली.

टेंभेकर दीदींनी पहिल्यांदाच मान वळवली. त्या काल आमच्या बरोबर मागे होत्या. सुया मांडीवर ठेवल्या.

‘रामटेके भाऊ, एक विचारू? मले काल दोन आवाज ऐकू आले. तुम्ही नक्की काय ओरडले?’

मी काच पुन्हा वर करायला लागलो.

साहू भैयाने आरशातून बघितलं. ‘दीदी, उनसे क्या पूछना? डबीर भैया बाजू में बैठे थे न. क्यों डबीर भैया, वो सोड रामटेके भैया का ही था न?’

डबीर माझ्या पलीकडे, खिडकीबाहेर बघत होता. आता ती खिडकी माझी होती, त्यामुळे त्याला माझ्या नाकावरून बघावं लागत होतं.

‘हव,’ तो म्हणाला.